फंक्शनचा सोर्स कोड पाहणे (आर भाषा)

कन्सोलवर काम चालू असतानाच एखादे फंक्शन आतून कसे लिहिले आहे ते उघडून पाहण्याची सोय. रॉस इहाका व रॉबर्ट जंटलमन यांनी ऑकलंड विद्यापीठात एस भाषेच्या धर्तीवर घडवलेल्या आर या संख्याशास्त्रीय भाषेत (आवृत्ती १.०.०, सन २०००) फंक्शन हेही संख्या किंवा तक्त्यासारखे एक ऑब्जेक्टच असते. नावापुढे कंस दिले की ते चालते. नुसते नाव टाइप करून एंटर दाबले की त्याचा कोड समोर छापला जातो.

प्रमाण विचलन काढणारे ‘एसडी’ असे पाहिले, तर व्हेरिअन्सचे वर्गमूळ काढणारा छोटासा कोड दिसतो आणि काम संपते. ‘मीन’ मात्र नवख्याला चकवते. तिथे ‘यूजमेथड’ एवढीच आज्ञा असते, सरासरीचा हिशेब कुठेच नसतो. दिलेल्या माहितीचा क्लास पाहून काम योग्य मेथडकडे सोपवणारे हे फंक्शन आहे. खरा कोड ‘मीन डॉट डिफॉल्ट’सारख्या मेथडमध्ये असतो. ‘मेथड्स’ हे फंक्शन अशा मेथडची यादी देते. यादीत ज्या नावापुढे तारांकन असते ती मेथड नुसत्या नावाने सापडत नाही. उदाहरणार्थ, टी-चाचणीची डिफॉल्ट मेथड पाहायची तर ‘स्टॅट्स’ या पॅकेजच्या नावापुढे तीन कोलन देऊन ती मागवावी लागते, किंवा ‘गेटएनीव्हेअर’ वापरावे लागते.

‘सम’ छापले की ‘प्रिमिटिव्ह’ असा शेरा येतो. त्याचा कोड सी भाषेत असल्याने कन्सोलवर दिसतच नाही. आरचा मूळ सोर्स उतरवून ‘नेम्स डॉट सी’ या फाइलीत त्याचे सी-फंक्शन कोणते ते शोधावे लागते. ही सारी शोधाशोध कशी करावी, हे उवे लिगेस यांनी २००६ साली ‘आर न्यूज’मध्ये सविस्तर लिहिले आहे.

छापलेला मजकूर लेखकाने लिहिलेलाच असेल असे नाही. पॅकेज इन्स्टॉल होताना मूळ मजकूर सहसा जपला जात नाही. आर तो मेमरीतल्या ऑब्जेक्टवरून पुन्हा रचते, त्यामुळे कॉमेंट गळून पडतात. एखादी ओळ तशी का लिहिली याचा खुलासा नेमका त्या कॉमेंटमध्येच असतो, म्हणून मूळ फाइल पाहण्याला पर्याय नाही.

डीबगिंगच्या वेळी मात्र मेमरीतला हाच कोड महत्त्वाचा, कारण चालणार तोच. फाइल दुरुस्त केली पण पुन्हा लोड केली नाही, तर जुनाच कोड छापला जातो आणि चूक तिथेच पकडता येते. छापलेल्या कोडखालची ‘एन्व्हायरनमेंट’ची ओळ बहुतेक जण वाचत नाहीत, पण खरा उपयोग तिचाच. ‘डीप्लायर’ हे पॅकेज लोड केल्यावर ‘फिल्टर’ हे नाव त्याचे होते, ‘स्टॅट्स’मधले त्याच नावाचे फंक्शन झाकले जाते, आपल्या हाती कोणते आहे ते ही ओळ सांगते. एवढ्यावर उलगडा झाला नाही, तर ‘डीबगवन्स’ लावून तोच कोड ओळीओळीने चालवता येतो. साधे ‘डीबग’ लावले असेल, तर ‘अनडीबग’ करेपर्यंत दर वेळी फंक्शन थांबत राहते.