माळवदाखालचा जिना

सोलापूर हे कापसाचे, गिरण्यांचे आणि चादरींचे शहर म्हणून सर्वश्रुत आहे; येथील घरांतील लाकूडकामाकडे मात्र क्वचितच कोणाचे लक्ष जाते, आणि त्यास कारणही तसेच आहे. सह्याद्रीपासून दूर, वारंवार अवर्षणाच्या छायेत सापडणाऱ्या या मुलखाला इमारती लाकडाचे रान असे कधी लाभलेच नाही. बांधावर बाभूळ, गावकुसालगत कडुनिंब, ओढ्याकाठी आंबा, एवढीच काय ती येथील वृक्षसंपदा. तिच्यातून नांगर, कुळव आणि गाडीची चाके निघत. परंतु घराच्या तुळईसाठी ज्याला साग हवा असेल, त्याने तो दूरच्या कानडी रानांतून बैलगाड्यांवर लादून आणावा, वाटेतील नाक्यांवर जकात भरावी आणि माल दारात पडेपर्यंत त्याच्या मूळ किमतीत वाहतुकीच्या खर्चाची भर पडत गेलेली पाहावी, असा पेशवाईतील आणि त्यानंतरच्याही काही दशकांतील रिवाज होता.

ही दुर्मिळता ध्यानात घेतल्यावाचून येथील जुन्या जिन्याचे मर्म कळावयाचे नाही. आज नवे घर बांधणारा गृहस्थ पायऱ्या, कठडा आणि लाकडी जमीन या तिहींचा रंग आणि रेषा एकमेकांशी जुळाव्यात म्हणून आग्रह धरतो. जुन्या सोलापूरकरानेही असा मेळ घातलेला आहे. परंतु तो पायाखालच्या जमिनीशी नसून डोक्यावरच्या माळवदाशी होता. तळमजल्याची जमीन मातीची, शेणाने सारवलेली. शहराच्या पूर्व भागातील विणकरांच्या घरांत तर त्याच मातीत मागाचा खड्डा खणलेला. वरच्या मजल्याची जमीनही बहुधा मातीचीच असे. उथळ्यावर खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर दाटीने बसविलेली किलचने, त्यांवर पाला आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा जाड थर, अशी या माळवदाची रचना होती. वैशाखात पारा चव्वेचाळीस अंशांच्या घरात जातो त्या गावी, भेगाळणाऱ्या आणि आखडणाऱ्या उघड्या फळ्यांवर वावरण्यापेक्षा मातीच्या थरावर वावरणे हेच शहाणपणाचे होते. तेव्हा जिना ज्या लाकडाचा, ते लाकूड त्याला भेटे ते वरती, कड्यांत आणि तुळयांत.

त्याची घडण जवळून पाहण्याजोगी आहे. हातभर, दीड हात जाडीच्या दोन भिंतींच्या बेचक्यात हा जिना उभा केलेला असतो; चढ असा की उतरताना देह आपोआप तिरका व्हावा. दोन्ही अंगांना जाड फळ्या तिरप्या लावून त्यांना खाचा पाडलेल्या, त्या खाचांत पायऱ्यांच्या फळ्या सारलेल्या आणि पाचरी ठोकून आवळलेल्या. खिळ्यांचे काम अगदी थोडे. जिन्याच्या माथ्यावर आडवी झडप असे, ती रात्री लावून घेतली की वरचा मजला खालच्यापासून तुटे. पेंढाऱ्यांच्या धामधुमीत दिवस काढलेल्या मुलखात हा बंदोबस्त अनाठायी म्हणता येणार नाही. दोन्ही हातांना भिंती असल्यामुळे कठड्याची गरजच नव्हती. कठडा येई तो वर, चौकाकडे उघडणाऱ्या सज्जाला, आणि तेथे मात्र घरधन्याची ऐपत दिसून येई. कातारी चरकावर धरून गरादे काढून देई, सुतार ते वरच्या पट्टीत बसवी. अंधारातील पायऱ्या निंबाच्या वा बाभळीच्या आणि उजेडातील कठडा सागाचा, अशी वाटणी पुष्कळ घरांत झालेली आढळते. हा कंजूषपणा नव्हे. दुर्मिळ वस्तू कोठे खर्चावी याचा तो विवेक होता.

या कामाचा कर्ता सुतार हा बलुतेदारांच्या थोरल्या ओळीतला. नांगर-कुळवाच्या दुरुस्तीबद्दल त्याला सुगीच्या वेळी खळ्यावर धान्य मिळे. घर उभारणे हे मात्र बलुत्यात मोडत नसे, त्याची मजुरी वेगळी ठरे. चोवीस तसूंचा गज हे त्याचे माप, आणि दोन तुळयांमधले अंतर, म्हणजे खण, हे घराचे परिमाण. सोपा किती खणांचा यावरून घराची प्रतिष्ठा ठरे. जिन्याची रुंदीही या खणाच्या हिशेबातच बसवावी लागे, आणि म्हणूनच तो मागाहून चिकटवल्यासारखा कधी वाटत नाही. घराच्या सांगाड्याबरोबरच तो जन्माला आलेला असतो.

1860 साली आगगाडी सोलापुरास पोहोचली आणि लाकडाचा सारा व्यवहार पालटला. मुंबई बंदरात उतरणारा ब्रह्मदेशी साग आता थोड्या दिवसांत या गावी येऊ लागला. 1871 साली मार्ग रायचूरपर्यंत गेला आणि त्याच मार्गावरील शहाबादची फरशीही घरोघर पसरली. एकीकडे साग सुलभ झाला, दुसरीकडे जमीन दगडी झाली. म्हणजे लाकडी जमिनीचा प्रश्न सोलापुरात उद्भवण्यापूर्वीच फरशीने तो बहुतांशी निकालात काढला. 1877 साली पहिली कापडगिरणी सुरू झाली, त्यामागून दुसऱ्या आल्या, आणि गिरण्यांच्या व व्यापाराच्या पैशावर नवी घरे उठली. अप्पासाहेब वारदांचे इंद्रभुवन, ज्यात आज महानगरपालिकेचा कारभार चालतो, ते याच संपन्न काळाचे अपत्य. अशा नव्या धर्तीच्या घरांत जिना भिंतीच्या पोटातून बाहेर आला, रुंद झाला, त्याला कठडा जडला, आणि वरच्या दिवाणखान्यास जेथे फळ्यांची तक्तपोशी घातली तेथे पायरी व जमीन प्रथमच समोरासमोर आल्या. त्या जुळत; कारण एकाच वखारीतला, एकाच वेळी चिरलेला साग दोन्हीकडे लागलेला असे आणि बेलतेलाचा हातही एकाच कारागिराचा फिरे. 1942 साली जपानने ब्रह्मदेश घेतला, त्या सागाची आवक बंद पडली, आणि पुढे सिमेंट-काँक्रीटने लाकडी जिन्याची जागाच घेतली.

आता कसब्यात, शुक्रवार पेठेत, बाळीवेशीच्या आसपास वाडे उतरविले जात आहेत आणि त्यांतील लाकूड सुटे सुटे विकले जात आहे. ते घेऊन नव्या घरात जिना करणारे लोक रंगाच्या डब्याने जुळणी करू पाहतात, आणि येथेच चूक होते असे माझे स्पष्ट मत आहे. धुराने काळवंडलेली कडी, तळव्यांनी मध्यभागी खोलगट झालेली पायरी आणि हातांच्या घामाने चकाकणारा कठडा हे तिन्ही एकाच सागाचे असले तरी वरून भिन्न दिसतात. रंधा मारताच आतून तोच सोनेरी वर्ण प्रकट होतो. उलट नव्याने चिरलेला साग प्रथम हिरवट पट्ट्यांचा दिसतो आणि उजेडात काही महिने राहिल्यावर मगच त्याचा वर्ण स्थिरावतो. त्याला आज जुन्यासारखा रंगविला तर तो पुढे आणखी पालटतो आणि जमविलेली जुळणी बिघडते. म्हणून ज्यांच्या हाती असा वाडा उतरविण्याचे काम आले असेल त्यांना माझी विनंती आहे, की जिना मोडण्यापूर्वी त्याची मापे आणि छायाचित्रे घ्यावीत, पायऱ्यांवर क्रमांक घालावेत, पायरी, कठडा आणि तक्तपोशी एकाच गिऱ्हाइकास द्यावीत, आणि हे सर्व एखाद्या जाणत्या सुताराच्या देखत करावे.