तळे, शहर आणि पक्षी : पुण्याच्या तीन जलाशयांचा ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

पुणे शहराच्या पश्चिमेस पाषाण येथे राम नदीवर असलेला तलाव पक्षिनिरीक्षकांचे परिचित स्थान आहे. हिवाळ्यातील सकाळी बांधावरून फिरणाऱ्या अभ्यागतास हळदी-कुंकू बदकांच्या जोड्या, काळ्या अंगाचे व पांढऱ्या कपाळाचे वारकरी, पाणवनस्पतींवर पाय रोवून चालणाऱ्या जांभळ्या पाणकोंबड्या आणि काठाशी निश्चल उभे असलेले वंचक दृष्टीस पडतात. शहराने चोहोबाजूंनी वेढलेला हा निसर्गाचा मूळचा तुकडा असावा, असा त्याचा सहज समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. हा तलाव मनुष्याने, विशिष्ट गरजेसाठी बांधलेला आहे. पक्षी नंतर आले.

ज्या गरजेसाठी तळे बांधले ती गरज संपल्यावर त्या तळ्याचे काय होते, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. त्याच्या उत्तरासाठी पर्वती, कात्रज व पाषाण या पुण्यातील तीन जलाशयांचा येथे विचार केला आहे.

पेशवेकालीन जलव्यवस्था

अठराव्या शतकात पुणे हे मराठी सत्तेचे केंद्र बनले आणि वाढत्या वस्तीला नदी व विहिरींचे पाणी अपुरे पडू लागले. बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशवे (कारकीर्द १७४० ते १७६१) यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, कात्रजच्या डोंगरातून येणारे पाणी बांध घालून अडविण्यात आले. तेथून दगड-चुन्याच्या भुयारी नळातून, केवळ उताराच्या बळावर, ते शनिवारवाड्यापर्यंत आणि शहरातील हौदांपर्यंत पोहोचविले गेले. नळात कोंडणारी हवा बाहेर पडावी म्हणून वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास बांधले होते. तलाव, नळ, उच्छ्वास व हौद ही एकच साखळी होती. हौदात पाणी आले नाही तर नगरजनांस ते त्याच दिवशी कळत असे. तलावाची निगा राखण्यास याहून मोठे कारण लागत नाही.

कात्रजकडून येणाऱ्या आंबील ओढ्याचे पाणी अडवून पर्वतीच्या पायथ्याशीही एक तळे करण्यात आले. त्याच्या मध्यभागी राखलेल्या बेटावर सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ मध्ये, सिद्धिविनायकाची स्थापना झाली. ‘तळ्यातला गणपती’ हे नाव त्यामुळेच रूढ झाले. पुढे तळ्याचा उपयोग उरला नाही. ते आटले, बुजले आणि १९६० च्या दशकात तेथे सारसबाग आकारास आली. मंदिराभोवतीचे लहानसे कुंड वगळता आज तेथे तळे नाही. सारस हा पाणथळ जागी राहणारा पक्षी. त्याचे नाव बागेला उरले, पाणथळ जागा मात्र उरली नाही.

याच परिसरात महापालिकेने १९५३ मध्ये पेशवे पार्क हे प्राणिसंग्रहालय सुरू केले. जागा अपुरी पडू लागल्यावर तेथील प्राणी १९९९ पासून कात्रज येथील राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात हलविण्यात आले. सुमारे १३० एकरांच्या या उद्यानात ४२ एकरांचा कात्रज तलाव समाविष्ट आहे. अशा रीतीने एका बुजलेल्या तळ्याकाठचे प्राणी त्याच ओढ्याच्या वरच्या अंगाला असलेल्या दुसऱ्या तळ्याकाठी गेले. पहिल्या तळ्याच्या वाट्याला विस्मरण आले, तर दुसऱ्याला उद्यानाचा आश्रय मिळाला.

पाषाण तलाव : राजभवनापासून उद्यानापर्यंत

ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्याचे गव्हर्नर पावसाळ्यात पुण्यास वास्तव्य करीत. त्यांच्यासाठी गणेशखिंड येथे १८६४ मध्ये गव्हर्नमेंट हाऊसचे बांधकाम सुरू झाले. या निवासस्थानास व त्याच्या विस्तीर्ण बागांना लागणारे पाणी हा पाषाण तलावाच्या निर्मितीमागील प्रमुख हेतू होता. कात्रजचे पाणी सार्वजनिक हौदांत पडत होते. पाषाणचे पाणी सत्तेच्या निवासस्थानी जात होते. उपभोक्ते भिन्न असले तरी दोन्ही तलावांना मागणी करणारा धनी होता, हे साम्य लक्षात घेण्यासारखे आहे.

स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, या वास्तूत पुणे विद्यापीठ सुरू झाले. खडकवासला धरणावर आधारलेला नळपाणीपुरवठा विस्तारत गेला, तसतसे पाषाणच्या पाण्यावरील अवलंबन कमी झाले. तलाव राहिला, त्याचा धनी मात्र गेला. काठ उथळ झाले, गाळ साचला, पाणकणसे वाढली आणि वर्दळ कमी राहिली. पाणीपुरवठ्याच्या दृष्टीने जो ऱ्हास, तोच पक्ष्यांच्या दृष्टीने अधिवास ठरला.

पाण्याची प्रत आणि पक्ष्यांची साक्ष

प्रत्येक पाणपक्ष्याची गरज वेगळी असते. टिबुकलीला बुडी मारण्यापुरते मोकळे पाणी लागते; शेकाट्या व तुतवार यांना घोटाभर पाण्याचा चिखलाळ काठ लागतो; पाणकावळ्याला मासे हवेत; कमळपक्ष्याला तरंगती पाने हवीत. म्हणून एकाच तळ्यात खोल पाणी, उथळ पाणी, चिखल व वनस्पती असे सारे असेल तरच पक्ष्यांचे वैविध्य टिकते.

गेल्या काही दशकांत बावधन, भूगाव या परिसरात झपाट्याने वस्ती वाढली आणि राम नदीतून सांडपाणी तलावात येऊ लागले. सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांवर जलपर्णी पोसते. तिच्या आच्छादनाखाली प्रकाश व प्राणवायू घटतो, मासे कमी होतात आणि त्यांवर जगणारे पक्षी अन्यत्र जातात. मात्र पाणकोंबड्या, वंचक, शेकाट्या हे पक्षी अशा पाण्यातही तग धरतात. त्यामुळे थवे दिसतात म्हणून तलाव निरोगी आहे, असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते. किती पक्षी दिसले यापेक्षा कोणत्या जाती दिसेनाशा झाल्या, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय.

संवर्धनाच्या नावाखाली होणारे सुशोभीकरणही निर्दोष नसते. दगडी पिचिंग केलेला काठ फिरणाऱ्यास सोयीचा असतो. परंतु त्यामुळे चिखलाचा उतरता किनारा नाहीसा होतो आणि चिखलात चोच खुपसून अन्न शोधणाऱ्या पक्ष्यास तेथे जागा उरत नाही.

इतिहास आणि कायदा

या तलावांचा उगम केवळ कुतूहलाचा विषय नाही. केंद्र शासनाच्या २०१७ च्या पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियमांतील व्याख्येतून पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेले मानवनिर्मित जलाशय, तसेच सिंचन व मनोरंजन यांसाठी खास उभारलेल्या रचना वगळल्या आहेत. म्हणजे दीडशे किंवा पावणेतीनशे वर्षांपूर्वी जो हेतू होता, तो आज संपला असूनही संरक्षणाच्या आड येऊ शकतो. याउलट, नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर हा गोदावरीवरील बंधाऱ्यामुळे निर्माण झालेला जलाशय २०२० मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ म्हणून घोषित झाला. मानवनिर्मित असणे हे पर्यावरणीय मूल्याच्या अभावाचे लक्षण नव्हे, हे त्यावरून स्पष्ट होते.

समारोप

पर्वतीचे तळे उपयोग संपल्यावर नष्ट झाले. कात्रजचे उद्यानात सामावले. पाषाणचे पक्ष्यांमुळे पुन्हा शहराच्या नजरेत आले. तथापि उद्यानाची सीमा काठापाशी संपते, पाण्याची संपत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रज परिसरातील अतिवृष्टीनंतर आंबील ओढ्याला पूर येऊन काठावरील वस्त्यांत जीवितहानी झाली. तळे व ओढा ही एकाच साखळीची अंगे आहेत, ही पेशवेकाळात ठाऊक असलेली गोष्ट शहर विसरल्याची ती कठोर आठवण होती. एके काळी हौद कोरडा पडला की तलावाकडे लक्ष जाई. आता ती सूचना देणारा हौद नाही. काठावरून एकेक जात नाहीशी होणे हीच सूचना उरली आहे. ती वाचावयाची असेल, तर अभ्यागताने पाषाणच्या बांधावर उभे राहून समोरच्या पक्ष्यांबरोबरच राम नदी ज्या दिशेने येते तिकडेही पाहिले पाहिजे.