घराचा गारवा आणि त्याची डागडुजी

राजांच्या स्वाऱ्या, तह आणि लढाया यांचा इतिहास आपल्याकडे पुष्कळ लिहिला गेला. घराच्या छपराचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहीत नाही. वस्तुतः सामान्य माणसाच्या मिळकतीचा केवढा तरी भाग छप्पर उभे करण्यात आणि ते राखण्यात जातो. आज घरोघरी थंड हवेची यंत्रे येऊ लागली आहेत आणि त्यांच्या दुरुस्तीचा खर्च ऐकून लोक कपाळाला हात लावतात. परंतु घर गार ठेवण्याचा खर्च ही काही या यंत्राने आणलेली नवी गोष्ट नव्हे. तो पूर्वीही होता. फक्त त्याचे नाणे वेगळे होते.

आटपाडी हे गाव १९४८ पर्यंत औंध संस्थानात होते. पुढे १९४९ साली साताऱ्याचा दक्षिण भाग वेगळा निघाला आणि १९६० साली त्याला सांगली जिल्हा हे नाव मिळाले. राज्ये बदलली, जिल्ह्यांची नावे बदलली; माणदेशाचे ऊन मात्र बदलले नाही. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला हा मुलूख. वर्षाचा पाऊस सरासरीने पाचशे मिलिमीटरही भरत नाही, आणि चैत्र-वैशाखात पारा चाळीस अंशांच्या आसपास खेळतो. येथून सुमारे दीडशे किलोमीटरांवर महाबळेश्वर. तेथे पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. १८२९ साली इंग्रजांनी छत्रपती प्रतापसिंह महाराजांना खंडाळे गाव देऊन महाबळेश्वरचे ठाणे आपल्याकडे घेतले. उन्हाळा सोसवेना म्हणून त्यांनी घर गार करण्याऐवजी घरच थंडीत नेले. पण तेथेही डागडुजी चुकली नाही. पावसाच्या माऱ्यातून भिंती वाचवण्यासाठी दरसाल त्या गवताने झाकाव्या लागत. थंड गावात ओलीशी झगडा, उष्ण गावात उन्हाशी. डागडुजी दोन्हीकडे आहेच.

माणदेशी माणसाला डोंगरावर जाणे परवडणारे नव्हते. त्याने आपला गारवा मातीतून काढला. जाड भिंती, लहान दारे, मोजके झरोके आणि वर मातीचे माळवद, म्हणजेच धाब्याचे घर. तुळयांवर आडव्या लाकडांची दाटी करायची, त्यावर काटक्या-पाला पसरायचा आणि वर पांढरी माती चोपून बसवायची. गावाच्या वस्तीला आपल्या जुन्या कागदांत ‘पांढरी’ आणि शेताला ‘काळी’ म्हटलेले आढळते. ही पांढरी माती चोपून घट्ट बसली की पाणी सहसा आत घेत नाही. शिवाय जाड मातीतून उष्णता फार सावकाश उतरते. दुपारचे ऊन भिंतीतून आत पोचेपर्यंत सूर्य मावळलेला असतो. तोवर माणसे अंथरूण घेऊन माळवदावर निजायला गेलेली असत. दिवसा घराच्या पोटात आणि रात्री घराच्या पाठीवर, असा हा उन्हाळ्याचा रिवाज होता.

हा गारवा फुकटचा होता असे मात्र समजू नये. दर वर्षी मृगाआधी माळवदावरचे गवत उपटावे लागे, उंदरांची बिळे बुजवावी लागत, माती आणून पसरावी लागे, पाणी शिंपडून ती चोपावी लागे, आणि पन्हळीकडे उतार नीट आहे की नाही हे पाहावे लागे. सुताराला बलुते होते. बाकी काम घरची माणसे आणि सावडीने आलेले शेजारी करीत. रोख पैसा थोडा जाई, पण दिवस जात. ज्या घरात कर्ता माणूस नव्हता, त्या घराला सावड फेडणे कठीण पडे आणि पावसाळ्यात त्याच्याच चुलीवर प्रथम गळती लागे. जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना ही बाजू झाकून ठेवू नये.

दुसरी बाजू याहून गंभीर आहे. नियम असा की, निकामी झालेली जुनी माती काढावी आणि मग नवी घालावी. पण काढण्याचे कष्ट मोठे आणि घालण्याचे थोडे. गळाले की वर आणखी एक थर, हीच पुष्कळ ठिकाणी रीत पडली. पिढ्या लोटल्या तसे माळवद दीड-दोन फूट जाड झाले. तुळया मात्र आजोबांच्याच राहिल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला आणि सुमारे आठ हजार माणसे गेली. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वरचे ते प्रचंड ओझे निजलेल्या माणसांवर कोसळले. तेव्हापासून माळवदाची धास्ती साऱ्या दुष्काळी पट्ट्याने घेतली, आणि त्यात नवल नाही. परंतु दोष एकट्या मातीचा नव्हता. बांधणी कच्ची होती, आणि अर्धवट डागडुजीने तिच्यावर ओझे चढवले होते.

मातीच्या जागी पत्रा आला. पन्हळी पत्र्याचा शोध १८२९ सालचा, लंडनचा; त्याला जस्ताचा मुलामा देण्याची युक्ती १८३७ ची, फ्रान्समधली. पत्रा हलका, झटपट बसणारा, दरसालच्या मातीची कटकट नसलेला. लोकांनी तो आनंदाने घेतला. पण माती जे ऊन बाहेर अडवीत होती, ते पत्र्याने थेट घरात घेतले. पुढे काँक्रीटचा स्लॅब आला. तोही दिवसभर तापून रात्री घरातल्यांवर ऊन ओकतो. छपराची डागडुजी वाचली आणि गारव्याचा खर्च निराळा उभा राहिला.

वाळ्याच्या ताट्या आणि आजचा कूलर यांचे तत्त्व एकच: पाणी उडून जाताना हवेतली उष्णता घेऊन जाते. कोरड्या हवेत हे उत्तम साधते, म्हणून मुंबईत निरुपयोगी ठरणारा कूलर आटपाडीत चांगला चालतो. पण त्याला पाणी लागते. समन्यायी पाणीवाटपासाठी १९९३ पासून ज्या गावाने पाणी परिषदा भरवल्या, त्या गावाला पाण्याचे मोल निराळे सांगायला नको.

राहिले थंड हवेचे यंत्र. विलिस कॅरिअर या अमेरिकन एंजिनियराने १९०२ साली ते योजले, ते माणसांसाठी नव्हे. ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगे आणि रंग जागेवर बसेनात. त्यावर हा उपाय होता. आपल्याकडे १९५४ साली व्होल्टास कंपनी निघाली, आणि १९५८ साली किर्लोस्कर न्यूमॅटिक. ज्या औंध संस्थानात आटपाडी होती, त्याच संस्थानच्या कुंडलच्या माळावर १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. आणि त्या उद्योगाचे मूळ बेळगावातील लक्ष्मणरावांच्या सायकलीच्या दुकानात होते. तेव्हा यंत्रविद्या आपल्या मातीला परकी आहे, असे कोणी म्हणू नये.

या यंत्राचा खर्च कशात जातो? आमच्या भागात पहिला शत्रू धूळ. जाळीवर धूळ बसली की हवा अडते, यंत्रावर ताण येतो आणि वीज जास्त जाते. ही जाळी घरच्या घरी धुता येते. दुसरा शत्रू विजेचा चढउतार. त्याने यंत्राचे काळीजच, म्हणजे कॉम्प्रेसर, धोक्यात येतो आणि सर्वांत महाग भाग तोच. तिसरी तक्रार ‘गॅस संपला’ ही. आता हा वायू बंद नळ्यांतून फिरतो. दिव्यातल्या तेलासारखा तो जळून जात नाही. तो कमी झाला तर कोठेतरी गळती आहेच. गळती न शोधता दरसाल नवा वायू भरणे म्हणजे कुजक्या माळवदावर आणखी एक मातीचा थर टाकणे होय. शिवाय जुन्या यंत्रांतला आर-२२ हा वायू वातावरणातील ओझोनच्या थराला घातक आहे. १९८७ च्या मॉन्ट्रिअल करारानुसार तो २०३० पर्यंत हद्दपार व्हायचा आहे. त्यामुळे त्या यंत्रांची दुरुस्ती उत्तरोत्तर अवघड होत जाणार.

तात्पर्य, घर गार कशाने होईल एवढाच प्रश्न विचारून भागत नाही. ते गार कोण ठेवील आणि त्याची विद्या कोठे असेल, हाही विचारला पाहिजे. माळवदाची विद्या गावात होती, पण ओझे मोजणारा कोणी नव्हता. यंत्राचे हिशेब काटेकोर आहेत, पण विद्या शहरात राहिली. कारागिराच्या येण्याजाण्याचा खर्च दुरुस्तीवर चढतो तो यामुळेच. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत हा धंदा शिकवला जातो. गावची चार मुले तो शिकून आली, तर खर्चाचा हा भाग कमी होईल. आणि ज्यांना यंत्र घेणेच शक्य नाही, अशी घरे आपल्यात पुष्कळ आहेत. त्यांच्या पत्र्यावर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा हात फिरला, दारात सावलीचे झाड वाढले, तरी घराचा ताप पुष्कळ उतरेल. सावडीने एके काळी गावाची माळवदे चोपली गेली. पत्रे रंगवण्यास ती सावड आजही पुरी पडेल.