लोकप्रतिनिधित्वाची वसाहतकालीन मुळे : चांदा जिल्हा व कोरपना परिसराच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

भारतीय लोकशाही ही ब्रिटिश राजवटीची देणगी होय, असे एक मत मांडले जाते. तर तिची मुळे प्राचीन ग्रामपंचायतींत आहेत, असे दुसरे मत आहे. दोन्ही मते सबंध देशाचा एकत्रित विचार करतात. एखाद्या तालुक्याच्या पातळीवर मात्र हा इतिहास बराच गुंतागुंतीचा दिसतो. आजचा कोरपना तालुका पैनगंगा आणि वर्धा या नद्यांच्या काठी वसलेला आहे. ब्रिटिश काळात पैनगंगेपलीकडे वऱ्हाड, वर्धेपलीकडे मध्य प्रांतातील चांदा जिल्हा आणि अलीकडे निजामाच्या राज्यातील राजुरा तालुका, अशी स्थिती होती. एकाच भूभागावरील या भिन्न राजवटींत प्रातिनिधिक संस्था कशा आल्या, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

अमेरिकन वसाहतींचा अनुभव

तुलनेसाठी अमेरिकेचे उदाहरण उपयुक्त ठरते. इंग्लंडमधील १२१५ ची मॅग्ना कार्टा आणि पार्लमेंटच्या संमतीशिवाय कर नाही हे तत्त्व वसाहतकऱ्यांनी आपल्याबरोबर नेले. व्हर्जिनियात १६१९ मध्ये पहिली प्रतिनिधी सभा भरली. १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजावरील ४१ पुरुषांनी परस्पर करारावर सह्या केल्या, तर न्यू इंग्लंडच्या नगरसभांत रस्ते, शाळा व कर यांचे निर्णय होऊ लागले. पैशावरील नियंत्रण या सभांच्या हाती राहिल्याने सुमारे दीडशे वर्षांत स्वशासन ही सवय बनली. म्हणूनच १७६५ चा मुद्रांक कर वसाहतींना अन्यायकारक वाटला. मात्र या लोकशाहीची मर्यादाही तितकीच जुनी आहे. ज्या १६१९ साली पहिली सभा भरली, त्याच वर्षी बंदिवान आफ्रिकी लोक व्हर्जिनियात आणले गेले. मूळ रहिवाशांना सरसकट नागरिकत्व मिळण्यास १९२४ साल उजाडावे लागले. आरंभीच्या सभेत कोणास बसू दिले आणि कोणास बाहेर ठेवले, हा प्रश्न म्हणूनच निर्णायक ठरतो.

वर्धेचा पूर्व तीर : चांदा

नागपूरकर भोसल्यांचे राज्य १८५४ मध्ये खालसा झाल्यावर चांदा ब्रिटिश अमलाखाली आला. १८५८ मध्ये बाबूराव शेडमाके यांना चांदा येथे फाशी देण्यात आली. त्यानंतर अवघ्या नऊ वर्षांनी, १८६७ मध्ये, चांदा नगरपालिका स्थापन झाली. लॉर्ड रिपन यांच्या १८८२ च्या ठरावानंतर मध्य प्रांतात १८८३ चा स्थानिक स्वराज्य कायदा झाला. त्यानुसार स्थापन झालेल्या मंडळांत मुकादम, व्यापारी आणि शासननियुक्त सदस्य बसत. लोकांना राजकीय शिक्षण मिळावे, हा रिपन यांचा हेतू प्रामाणिक होता. परंतु मंडळांच्या हाती प्रामुख्याने रस्ते, शाळा व दवाखाने एवढेच विषय आले. या जिल्ह्याचे जीवन ज्यावर अवलंबून होते ते जंगल १८७८ च्या वन कायद्यान्वये वन खात्याकडे गेले. अमेरिकन सभांकडे असलेली आर्थिक सत्ता येथील मंडळांकडे कधीच आली नाही.

जमीनदाऱ्यांच्या मुलखात तर एवढेही घडले नाही. १८७४ च्या अनुसूचित जिल्हे कायद्याने चांद्याच्या जमीनदाऱ्या सर्वसाधारण कायद्यांपासून वेगळ्या काढल्या. १९३६ च्या आदेशाने अहेरी, धानोरा, रांगी, मुरुमगाव इत्यादी जमीनदाऱ्या ‘अंशतः वर्जित क्षेत्र’ ठरल्या. तेथे प्रांतिक विधिमंडळाचा कायदा गव्हर्नरच्या आदेशाशिवाय लागू होत नसे. यामागे आदिवासींच्या संरक्षणाचा हेतू सांगितला गेला, तथापि ते कसे व्हावे हे त्यांना कोणी विचारले नाही.

पश्चिम तीर : राजुरा-कोरपना

नदीच्या अलीकडे निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात चित्र आणखी वेगळे होते. हैदराबाद संस्थानात १९३९ मध्ये जाहीर झालेल्या सुधारणा प्रादेशिक मतदारसंघांऐवजी व्यवसायनिहाय प्रतिनिधित्वावर आधारलेल्या होत्या. डोंगरातील गोंड व कोलाम शेतकऱ्यास त्यांत स्थान मिळणे कठीणच होते. पुढच्याच वर्षी, १९४० मध्ये, याच जिल्ह्यातील जोडेघाट येथे जमीन व जंगलावरील हक्कांसाठी उभे राहिलेले कोमराम भीम मारले गेले. त्यानंतर मानवशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी केलेल्या पाहणीच्या पार्श्वभूमीवर संस्थानाने १३५६ फसलीचा (इ. स. १९४६) आदिवासी क्षेत्र विनियम केला. येथे हक्काची वाट सभागृहातून नव्हे, तर उठावातून निघाली.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले आणि पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत नदीच्या दोन्ही तीरांवरील प्रौढ स्त्री-पुरुषांना एकाच वेळी मताधिकार मिळाला. पूर्व तीरावर नगरपालिकेचा आठ दशकांहून अधिक काळचा अनुभव होता, पश्चिम तीरावर तो नव्हता. तरीही मताचे मूल्य समान ठरले. राजुरा भागातील मतदाराने पहिल्या निवडणुकीत हैदराबाद विधानसभेसाठी, १९५७ मध्ये मुंबई राज्याच्या आणि १९६२ मध्ये महाराष्ट्राच्या विधानसभेसाठी मतदान केले. गाव तेच राहिले, राज्य दोनदा बदलले. दरम्यान १ नोव्हेंबर १९५६ रोजी हा तालुका नांदेड जिल्ह्यास व १९५९ मध्ये चांदा जिल्ह्यास जोडला गेला. १९६२ मध्ये जिल्हा परिषद अस्तित्वात आली, तेव्हा दोन्ही तीर प्रथमच एका स्थानिक सभागृहात एकत्र आले.

वर्जनाकडून स्वशासनाकडे

राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीत वसाहतकालीन ‘वर्जित क्षेत्रा’ची कल्पना नव्या हेतूने टिकून राहिली. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा भागातील काही गावे आणि गडचिरोलीचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात आला. १९९६ च्या पेसा कायद्याने या क्षेत्रांतील ग्रामसभेला भूसंपादनापूर्वी विचारविनिमयाचा, तसेच गौण वनोपजावरील मालकीचा अधिकार दिला. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. १९३६ च्या यादीत धानोरा हे नाव ‘अंशतः वर्जित’ म्हणून होते, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. ज्या रेषेने लोकांना कायद्याबाहेर ठेवले, तीच रेषा पुढे त्यांच्या अधिकाराचा आधार बनली.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, वसाहतवादी सत्तेने चांद्यात प्रातिनिधिक संस्थांचा साचा आणला, परंतु त्यात महसूल आणि जंगल यांविषयीची निर्णयसत्ता घातली नाही. अमेरिकन वसाहतकऱ्यांनी सभा आपल्याबरोबर नेली आणि तिला पैशाचे बळ दिले. येथे सभा वरून आली आणि बळ खालून, संघर्षातून मिळवावे लागले. चुनखडीच्या खाणी व सिमेंट कारखान्यांच्या कोरपना परिसरात जमिनीविषयीचा निर्णय कोणाच्या संमतीने व्हावा, हा प्रश्न त्यामुळे केवळ प्रशासकीय ठरत नाही. संमतीशिवाय कर नाही, या जुन्या तत्त्वाचेच ते स्थानिक रूप आहे. ग्रामसभेची नोंदवही कोरी राहते की तीत खरी चर्चा उतरते, यावर या दीर्घ इतिहासाचे फलित अवलंबून आहे.