घंटेचा मानकरी

शाळेच्या आठवणी निघाल्या म्हणजे मनुष्य प्रथम काय सांगतो? परीक्षेतील गुण क्वचित, धड्यातील एखादे वाक्य त्याहूनही क्वचित. बहुधा तो सांगतो ते असे, की तिसरीत असताना शाळेची घंटा वाजविण्याचे काम आपल्याकडे होते. किंवा खडूची पेटी आणणे, फळा पुसणे, हजेरीचे पुस्तक मुख्याध्यापकांच्या खोलीत पोहोचविणे हा मान आपला होता. पुढे आयुष्यात मोठमोठे अधिकार भोगून निवृत्त झालेला गृहस्थ ही गोष्ट सांगू लागला की त्याच्या चेहऱ्यावर एक निराळेच तेज येते. पितळी तासाचा तो टोल त्याच्या कानांत अजून घुमत असतो. इतक्या क्षुल्लक कामाची स्मृती इतकी टिकावी, याला कारण असले पाहिजे. ते शोधावयाचे तर महाराष्ट्रातील शाळेचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास थोडा उलगडून पाहावा लागतो. आणि तो सर्वस्वी आनंदाचा नाही, हेही आरंभीच सांगितलेले बरे.

इंग्रजी अंमल स्थिर होत होता त्या काळी, म्हणजे १८२१ साली, मुंबई सरकारच्या कौन्सिलातील प्रेंडरगास्ट या सभासदाने असे नमूद केले की, या मुलखात एखादी तरी शाळा नाही असे लहानमोठे गाव विरळा. ह्या शाळा म्हणजे पंतोजींच्या शाळा. कोणाच्या ओसरीवर नाही तर देवळात त्या भरत. पंतोजी एकटा, आणि ओनामा गिरविणाऱ्या पोरापासून मोडी पत्रे वाचणाऱ्या थोराड मुलापर्यंत सारे एकाच जागी बसलेले. अशा स्थितीत धाकट्यांना शिकविण्याचे काम थोरल्यांकडे येणे अपरिहार्य होते. धुळपाटीवर धूळ पसरून द्यावयाची, धाकट्याचे बोट धरून अक्षर वळवून घ्यावयाचे, सायंकाळी परवच्याच्या वेळी पुढे उभे राहून पाढे, पावकी, निमकी, दिडकी एका सुरात सांगावयाची आणि मागून साऱ्या शाळेने म्हणावयाची, ही सर्व मोठ्या मुलांची कामे. आणखीही एक काम त्यांच्याकडे असे. शाळा चुकवून दडून बसलेल्या पोराला चौघांनी हातापायांना धरून उचलून आणावयाचे! ‘उचलबांगडी’ हा शब्द मराठीत आज सरकारी अधिकाऱ्यांच्या बदल्यांसाठी वापरला जातो. त्याच्या मुळाशी हे चित्र आहे. जबाबदारी म्हटली की ती नेहमीच गोड असे समजण्याचे कारण नाही. उचलणाऱ्या चौघांची आठवण एक, आणि उचलल्या गेलेल्याची दुसरी.

मुलांनी मुलांना शिकविण्याची ही रीत जुनी होती. १६२३ च्या नोव्हेंबरात पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी कारवारच्या दक्षिणेकडील घाट चढून इक्केरीकडे चालला असता एका देवळाच्या पडवीत त्याला चार मुले दिसली. गुरू जवळ नव्हता. एक मुलगा सुरावर अंक म्हणे आणि जमिनीवर पसरलेल्या बारीक वाळूत बोटाने तो काढी. बाकीचे त्याच्यामागून तेच म्हणत व तेच काढीत. जमीन अंकांनी भरली की पुन्हा वाळू पसरीत. ‘तुम्ही विसरलात तर सांगणार कोण?’ असे प्रवाशाने विचारले. आम्ही चौघे एकदमच विसरू हे शक्य नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याला मिळाले. परस्परांवरील विश्वासाचे याहून साधे वर्णन सापडणे कठीण.

हीच रीत पुढे समुद्रापार गेली. अँड्र्यू बेल हा पाद्री १७८९ पासून मद्रासजवळ एगमूर येथे सैनिकांच्या अनाथ मुलांची शाळा चालवीत होता. जवळच्या एका देशी शाळेत वाळूत अक्षरे गिरविणारी मुले त्याने पाहिली. आपल्या हाताखालचे शिक्षक ही पद्धती मनापासून चालवीत नाहीत असे दिसताच त्याने जॉन फ्रिस्केन नावाच्या आठ वर्षांच्या मुलाला मुळाक्षरांचा वर्ग सोपविला. काही वर्षांतच या मुलाकडे नव्वदांहून अधिक मुलांची व्यवस्था आली. बेलने १७९७ मध्ये ही हकीकत लंडनमध्ये छापली. जोसेफ लँकेस्टरने तिकडेच तशी व्यवस्था मोठ्या प्रमाणावर उभारली, आणि एक शिक्षक हजार मुलांना पुरेल अशी तिची प्रौढी मिरविली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनच्या आश्रयाखाली १८२२ मध्ये मुंबईस नेटिव्ह स्कूल बुक अँड स्कूल सोसायटी निघाली, तेव्हा हीच लँकेस्टरची पद्धती नव्या मराठी शाळांसाठी पसंत करण्यात आली. ओसरीवरून गेलेली वस्तू विलायती वेष्टनात गुंडाळून पुन्हा ओसरीवर आली, असेच म्हणावयाचे!

मात्र जाऊन परत येईपर्यंत तिचा आत्मा बदलला होता. लँकेस्टरच्या शाळेतील ‘मॉनिटर’ हा गळ्यात पट्टी अडकविलेला, हुकूम देणारा आणि हुकूम घेणारा एक लहानसा शिपाई होता. त्या पद्धतीचे खरे आकर्षण होते ते स्वस्ताईचे. पंतोजीच्या शाळेतही गरज हेच कारण होते हे खरे. तथापि तेथे थोरला मुलगा धाकट्याचे बोट तरी धरीत असे. वर्गनायक हा शब्द मराठीत रूढ झाला, तरी ‘मॉनिटर’ मुलांच्या तोंडून गेला नाही, आणि त्याच्याविषयीची धास्तीही गेली नाही.

या यंत्राबाहेर एखाद्या शिक्षकाने केवळ आपल्या बुद्धीने मुलावर विश्वास टाकावा, असेही घडत असे. कोकणातील मुरुड गावी सोमण गुरुजींनी आपल्या एका विद्यार्थ्याकडे देवळात जमलेल्या गावकऱ्यांना वृत्तपत्र वाचून दाखविण्याचे काम दिले. मुलगा अतिशय लाजाळू होता. चारचौघांत ज्याच्या तोंडून शब्द फुटू नये, त्याला साऱ्या गावापुढे जगाची खबर वाचावी लागली. हा मुलगा म्हणजे पुढे महर्षी म्हणून प्रसिद्ध झालेले धोंडो केशव कर्वे. याच मुलाने १८७५ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, परीक्षेसाठी कुंभार्ली घाटाने सातारा गाठले. सुमारे शंभरावर मैलांची ती पायपीट होती. आणि तेथील कमिटीने तो सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून त्याला परत पाठविले! गावाने ज्याच्या हाती वृत्तपत्र दिले, त्याच्या वयावरही कमिटीचा विश्वास बसला नाही.

त्याच साताऱ्यात, पंचवीस वर्षांनंतर, दुसरा एक मुलगा शाळेत जात होता. त्यालाही रोजचे एक काम होते, परंतु ते त्याला मान म्हणून दिलेले नव्हते. तो ज्या गोणपाटावर बसे ते गोणपाट संध्याकाळी घरी न्यावयाचे आणि सकाळी परत आणावयाचे. कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावण्यास तयार नसे. तहान लागली तर नळाला हात लावण्याची त्याला मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडला तर पाणी मिळे; शिपाई नसला तर तहानेलेच राहावे लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ही आठवण स्वतः लिहून ठेविली आहे. पुढे मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी त्यांना उदाहरण सोडविण्यासाठी फळ्याजवळ बोलाविले, तो वर्गात एकच गडबड उडाली. मुलांचे फराळाचे डबे फळ्यामागे ठेवलेले होते. भीमराव फळ्यापर्यंत पोहोचण्याच्या आत ते डबे भराभर बाजूला फेकण्यात आले. चरित्रकार धनंजय कीर यांनी ही हकीकत दिली आहे. फळ्याजवळ जाऊन चार आकडे मांडणे ही वर्गातील लहानात लहान जबाबदारी. शिक्षकांनी ती दिली होती. वर्गाने ती मान्य केली नाही.

शाळेतील पाण्याचा माठ कोण भरतो, पेला कोणाच्या हातून कोणाच्या हाती जातो, घंटा कोण वाजवितो, या प्रश्नांचे वजन येथे कळते. घंटेचा मानकरी ठरविताना शाळा नकळत हेही ठरवीत असते की आपली मुले कोणती.

भाऊराव पाटील यांनी हे पुरते ओळखले होते. १९१९ मध्ये काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह उघडले. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. तेथे नोकर नव्हते. दळण, सरपण, पाणी, भाकऱ्या, भांडी, झाडलोट सर्व मुलांकडे पाळीपाळीने असे. ज्याच्या हातचे पाणी गावी चालत नसे, त्याच्या हातची भाकरी येथे सगळे खात. ‘स्वावलंबन’ हा शब्द आज बक्षीस समारंभातील भाषणांत वापरून गुळगुळीत झाला आहे. साताऱ्याच्या त्या स्वयंपाकघरात त्याला धूर होता, चटके होते आणि करपलेल्या भाकरीची पाळी कोणाची यावरून होणारी भांडणेही असणारच.

साने गुरुजींनी अमळनेरच्या छात्रालयात उलटा मार्ग धरला. ते मुलांना काम सांगत नसत. मुलांच्या खोल्या स्वतःच झाडीत, पसरलेले कपडे आवरीत. मुले ओशाळून हातातील झाडू घेत. सेवाग्रामच्या नयी तालीम शाळेत मुले आपल्यातून मंत्री निवडीत. कोणी स्वयंपाकघराचा, कोणी सफाईचा. ही मंत्रिमंडळे मोठ्या मंत्रिमंडळांपेक्षा अधिक कामाची ठरली की काय, हा प्रश्न विनोदाचा समजला तरी चालेल.

असो. आतापर्यंत पाहिले ते शाळेने दिलेले काम. परंतु असंख्य मुलांच्या वाट्याला काम अगोदर घरूनच येते. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि मूल न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. दंडाची गरज पडावी याचे कारण उघड होते. गुरे राखणे आणि तान्ह्या भावंडाला सांभाळणे ही कामे मुलाने सोडली तर ती करणार कोण? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीस कार्य आरंभिले व पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेले, तेव्हा वारली मुलांच्या बाबतीत त्यांना हाच अनुभव आला. मूल शाळेत येत नाही, तर शाळेने गुरांच्या मागे जावे, म्हणून कुरणशाळा निघाली. बहीण भावंडाला टाकून येऊ शकत नाही, तर भावंडालाही घेऊन ये, म्हणून पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभी केली. घरच्या जबाबदारीला शाळेने दारात अडविले नाही. तिला आत जागा दिली.

ही अडचण कोसबाडच्या टेकडीबरोबर संपली नाही. जालना जिल्ह्यातील अंबड तालुक्यात अंकुशनगर आहे. अंकुशराव टोपे यांच्या नावाची, समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवतीची ही वसाहत. जायकवाडीच्या डाव्या कालव्याने गोदावरीकाठच्या या पट्ट्यात ऊस वाढला. अशा प्रत्येक कारखान्याच्या परिसरात दिवाळीच्या सुमारास ऊसतोड कामगार येतात आणि कोप्या उभ्या राहतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’. दोघेही पहाटेच फडात जातात. मागे कोपीत उरते आठ-दहा वर्षांची मुलगी आणि तिच्या कडेवरचे मूल. चूल, पाणी, राखण, सर्व तिच्याकडे. अशा मुलांसाठी मराठी मुलखात साखरशाळा काढल्या गेल्या. २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा आल्यावर त्यांना जवळच्या नेहमीच्या शाळेत दाखल करावे असे ठरले. आईबाप हंगामाला गेले तरी मूल गावीच राहावे म्हणून मराठवाड्यात हंगामी वसतिगृहेही चालविली गेली. गळिताचा हंगाम सरता सरता कोप्या मोडतात. हजेरीपटावर नाव चढलेले असले, तरी त्या मुलीच्या वर्गात घंटा वाजविण्याची पाळी वर्णानुक्रमाने तिच्यापर्यंत येण्याच्या आतच गाडी गावाकडे निघालेली असते.