तबकडीपासून तक्त्यापर्यंत

देवनहळ्ळी म्हटले की टिपू सुलतानाचे जन्मस्थान आणि तेथला जुना किल्ला आठवतो. २००८ पासून विमानतळही आठवू लागला. या गावाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे, ते डोळ्यांना दिसत नाही, पण गाडीच्या इंजिनाला अचूक कळते. हा परिसर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच असून येथील हवा मुंबईपेक्षा जवळजवळ एक दशांशाने विरळ आहे. दादर-गिरगावात जुळवलेली जुनी गाडी घाट चढून इकडे आली, की तिला हवा कमी आणि पेट्रोल जास्त होते. मग इंजिन जड चालते, स्पार्क प्लग काळवंडतात. नव्या मुलखाचे हवापाणी मानवायला आपणांस वेळ लागला, तसाच तो यंत्रासही लागतो. यंत्राला ही समज कशी आली, त्याचा हा थोडक्यात इतिहास.

हवेच्या मानाने इंधन मोजून देणे हा इंजिनाचा मूळ प्रश्न. १९२७ मध्ये जर्मनीतील बॉश कंपनीने डिझेल इंजिनासाठी इंधनपंपाचे नियमित उत्पादन सुरू केले. पुढे १९५४ च्या मर्सिडीझ ३०० एसएल या गाडीत पेट्रोल इंजिनालाही यांत्रिक इंजेक्शन लाभले. भारतात हे तंत्र बेंगळूरनेच रुजविले. १९५१ मध्ये स्थापन झालेल्या ‘मोटर इंडस्ट्रीज कंपनी’ने, म्हणजेच ‘मायको’ने, आडुगोडी येथे स्पार्क प्लग व डिझेल पंप तयार केले. पुढे नाशिकच्या सातपूरलाही तिचा कारखाना निघाला. २००८ मध्ये कंपनीचे नाव ‘बॉश लिमिटेड’ झाले. तरी बेंगळूरचा मायको लेआउट आणि नाशिकचे मायको सर्कल जुनी ओळख सांगतच आहेत. आपल्या दोन्ही घरांना जोडणारा असा हा दुवा आहे.

पेट्रोल गाड्यांतील यांत्रिक पद्धतीचा कळस म्हणजे १९७३ मध्ये आलेली ‘के-जेट्रॉनिक’. आत शिरणाऱ्या हवेने एक तबकडी उचलली जाई. तबकडीच्या तरफेने एक लहानसा दांडा वर सरके आणि तितक्या प्रमाणात प्रत्येक नळीतून पेट्रोलची अखंड धार वाहे. सगळा हिशेब पोलादात कोरलेला! कुशल कारागिराने एकदा जुळवून दिला की वर्षानुवर्षे टिके. उणीव एवढीच, की हवा विरळ झाल्याची पुरती खबर त्या तबकडीला लागत नसे.

दुसरी वाट याआधीच निघाली होती. १९६७ मध्ये बॉशने फोक्सवॅगन १६०० या गाडीत इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आणले. १९७९ मध्ये बीएमडब्ल्यू ७३२आय मध्ये इंधन आणि ठिणगी या दोहोंचा कारभार एकाच संगणकाकडे आला. भारतात या बदलाला प्रदूषणाने गती दिली. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजधानी परिसरातील नव्या खाजगी गाड्यांना युरोपीय धर्तीची मानके लागू केली. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ मानके आली. नव्या गाड्यांत संगणक अपरिहार्य झाला.

मग जुन्या गाडीने काय करावे? तिच्यावर संगणक बसविता येतो. तबकडी व तिचा वितरक उतरवून विजेवर उघडमिट करणारे इंजेक्टर लावतात. पूर्वी पाच बारच्या आसपास असलेला इंधनदाब सुमारे तीन बारवर आणतात. क्रँकशाफ्टवर दातेरी चाक बसवून त्याच्या गतीची नोंद घेतात. हवेचा दाब, तापमान, थ्रॉटलची स्थिती आणि धुरातील प्राणवायू यांची मापे संगणकाला पुरवितात. संगणकात एक तक्ता असतो. आडव्या रांगेत फेरे, उभ्या रांगेत भार आणि प्रत्येक घरात इंधनाचे प्रमाण. सोळा गुणिले सोळा घरांचा तक्ता असेल तर २५६ घरे एकेक करून भरावी लागतात. घाईने भरलेला तक्ता इंजिनाला घातक ठरतो.

ही खटपट कशासाठी? कारण आता इंधनही बदलले आहे. २०२५ मध्ये देशातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. त्यातील काही भाग महाराष्ट्र-कर्नाटकातील उसाचा. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवेचे १४.७ भाग लागतात, या मिश्रणाला सुमारे १३.५ पुरतात. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन अधिक हवे. देवनहळ्ळीची विरळ हवा म्हणते कमी द्या, नवे इंधन म्हणते जास्त द्या. पोलादात कोरलेल्या एकाच हिशेबाला हा वाद मिटविता येत नाही. बदलत्या मापांवरून ताळा करणाऱ्या तक्त्याला येतो. जुन्या रबरी नळ्या व गॅस्केट मात्र इथेनॉलने खराब होतात, त्या बदलाव्याच लागतात.

गाडीचा आत्मा हरपला, अशी हळहळ काही जाणकार व्यक्त करतात. आम्हांला तसे वाटत नाही. सिलिंडर तेच, पिस्टन तेच, आवाजही बहुतांशी तोच. बदलते ते आजूबाजूच्या हवेशी बोलण्याचे साधन. मात्र एक पथ्य अवश्य पाळावे. उतरविलेली तबकडी आणि वितरक भंगारात न देता तेल लावून पेटीत जपून ठेवावेत. ज्या हातांनी ते जुळविले, त्यांची विद्या आता दुर्मिळ होत आहे. निदान त्या विद्येची खूण तरी पुढच्या पिढीच्या हाती राहावी. परमुलखाची हवा आपलीशी करणाऱ्या आम्हां मंडळींना हे पथ्य वेगळे शिकवावे लागू नये.