बेंजोच्या पोटातली तार

1987 साली उरुसाला आठ दिवस उरले असताना एक कव्वालीवाले चाचा कापडात गुंडाळलेला बेंजो घेऊन माझ्या दुकानात आले. आयटीआयमधून रेडिओ मेकॅनिक होऊन मंगरूळपीरला दुकान टाकल्याला मला तेव्हा दोनच वर्षं झाली होती. "बाबू, ढोलक के नीचे इसकी आवाज दब जाती है. कुछ करो," ते म्हणाले. बेंजोला हात लावण्याची माझी ती पहिलीच वेळ.

आमच्या गावाला दोन नावं आहेत. दादा हयात कलंदरांच्या दर्ग्यामुळे मंगरूळपीर आणि नाथांमुळे मंगरूळनाथ. बिरबलनाथ महाराजांचं संस्थानही इथंच आहे. उरुसातली कव्वाली, संस्थानातली भजनं आणि 14 एप्रिलच्या जयंतीतला दुय्यम कव्वालीचा सामना, या तिन्ही ठिकाणी मी बेंजो ऐकत मोठा झालो. वामनदादा कर्डकांच्या परंपरेतली भीमगीतं गाणाऱ्या पार्ट्यांमध्ये पेटीच्या शेजारी बेंजो हमखास असायचा. स्वस्त वाद्य, उचलायला हलकं, आणि पेटी येणाऱ्या माणसाच्या हाती लवकर बसणारं.

हे वाद्य आपलंच असं मी कित्येक वर्षं समजत होतो, पण त्याचा जन्म जपानमधल्या नागोया शहरातला. 1912 साली, तैशो राजवटीच्या पहिल्याच वर्षी, मोरिता गोरो या माणसाने दोन तारांच्या जुन्या जपानी वाद्याला टाइपरायटरसारख्या कळा बसवल्या. त्या राजवटीवरूनच वाद्याचं नाव पडलं तैशोगोतो. आपल्याकडे पोचल्यावर ते बुलबुल तरंग झालं आणि बोलीत बेंजो. अमेरिकेतला कातड्याने मढवलेला बँजो वेगळा. त्याची मुळं आफ्रिकेत आहेत आणि दोघांत नावापलीकडे काही नातं नाही. मोरितांची युक्ती मला फार आवडते. कळ दाबली की पोलादी तार खालच्या पडद्यावर टेकते. सूर कुठे आहे हे बोटांनी शोधत बसायचं काम पेटीसारख्या कळांनी करून टाकलं.

पण खोक्याचा आवाज लहान. ढोलक, टाळ्या आणि कोरस यांच्यापुढे तो टिकत नव्हता. समोर माइक ठेवला की ढोलकच जास्त यायचा.

मी काय केलं ते सांगतो, कारण तेव्हा कित्येक मेकॅनिक आपापल्या गावी असंच काहीतरी करत होते. भंगारातून जुन्या काळ्या टेलिफोनचा रिसीव्हर आणला. त्यात चुंबक असतो, त्याच्यावर बारीक तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या असतात आणि समोर पातळ लोखंडी चकती. चकती काढून टाकली आणि राहिलेला भाग बेंजोच्या तारांखाली बसवला. चकतीच्या जागी आता पोलादी तारा हलू लागल्या. चुंबकाच्या क्षेत्रात लोखंड हललं की गुंडाळीत वीज उमटते, हे फॅरडेने 1831 मध्ये दाखवलेलं तत्त्व मी आयटीआयच्या वहीत उतरवलं होतं. कानाने ते पहिल्यांदा त्या संध्याकाळी ऐकलं. अँप्लिफायरला जोडून चाचांनी एक तार छेडली. ते थांबले, पुन्हा छेडली, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मागून वाचनात आलं की जगात विजेची गिटार अशाच गरजेतून आली होती. 1931-32 मध्ये लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बीचम या हवाईयन गिटार वाजवणाऱ्याला आपला आवाज बँडमध्ये ऐकू येत नव्हता. त्याने घोड्याच्या नालेसारखे दोन चुंबक, एक गुंडाळी आणि त्यामधून जाणाऱ्या सहा तारा अशी योजना केली. रिकेनबॅकरच्या कारखान्यात ओतलेल्या ॲल्युमिनियमच्या त्या वाद्याला लोक तव्याच्या आकारामुळे फ्राइंग पॅन म्हणू लागले.

माझ्या मनाच्या जवळचा माणूस मात्र लिओ फेंडर. 1938 साली कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्याने रेडिओ दुरुस्तीचं दुकान उघडलं. त्याला गिटार वाजवता येत नव्हती, शेवटपर्यंत आली नाही. 1950 च्या सुमारास त्याने जी गिटार काढली तिची मान डिंकाने चिकटवलेली नव्हती, चार स्क्रूंनी बसवलेली होती. बिघडली तर काढा, दुसरी लावा. दुरुस्ती करणाऱ्यानेच वाद्य घडवलं की ते असं होतं. आज कुणीही पोरगा स्वस्त गिटार घरी उघडून सुधारू शकतो, त्याचं मूळ मला या चार स्क्रूंमध्ये दिसतं. इंग्लंडमध्ये 1963 मध्ये ब्रायन मे आणि त्याच्या वडिलांनी तर शेकोटीच्या जुन्या लाकडातून गिटारची मान कोरली आणि मोटरसायकलच्या व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा वापरल्या. तीच गिटार घेऊन तो पुढे क्वीन या बँडमध्ये वाजवत राहिला.

आपल्याकडेही हात स्वस्थ नव्हते. व्हॅन शिप्ले यांनी आठ तारांची विजेची गिटार स्वतःच्या कल्पनेने करून घेतली आणि सिनेमाची गाणी तिच्यावर वाजवली. ब्रिजभूषण काब्रांनी गिटारला जादा तारा लावून तिच्यावर राग उभे केले; 1967 च्या 'कॉल ऑफ द व्हॅली' या ध्वनिमुद्रिकेत ती गिटार आहे. महाराष्ट्रात मिरजेकडे बघावं. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. तलवारीचं काम सरत गेलं तेव्हा तोच कानस धरणारा हात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सतार-तंबोऱ्यांकडे वळला. 2024 मध्ये त्या वाद्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. घोडीचा माथा केसभर घासून जवारी लावणं, म्हणजे तार किती टेकावी आणि किती सुटावी हे ठरवणं, ही त्यांची विद्या. गिटारवरही निम्मं काम तेच आहे, हे मला पुढे कळलं.

काही वर्षांपूर्वी एक कॉलेजचा पोरगा ऑनलाइन मागवलेली स्वस्त विजेची गिटार घेऊन आला.

"काका, याचे पिकअप बदलून द्या ना. लयच भंगार आवाज येते."

"पहिले तारा पाहू, मंग पिकअप," मी म्हणालो.

पिकअप म्हणजे मी बेंजोत बसवली होती तशीच चुंबक आणि गुंडाळीची जोडी. त्या गिटारचं लाकूड ठीक होतं, मान मजबूत होती. दोष बारीक होते आणि सगळे हाताने निघणारे. मानेच्या टोकाला जी खाचांची पट्टी असते तिच्या खाचा उथळ राहिल्या होत्या. त्यामुळे पहिल्या पडद्यावर तार दाबायला जोर लागे आणि सूर वर सरके. तिसऱ्या पडद्यावर तार दाबून पहिल्या पडद्यावर किती फट राहते ते पाहायचं. तिथं कागद जेमतेम सरकावा. बारीक कानशीने एकेक खाच उतरवली. पडद्यांची टोकं बोटाला कापत होती, ती घासून गोल केली. मानेच्या आत एक लोखंडी सळई असते. गिब्सन कंपनीने 1920 च्या दशकात आणलेली ही सोय ॲलन चावीने फिरवता येते. आमच्याकडे मे महिन्यात ऊन लाकडाला सुकवतं आणि जुलैत तेच लाकूड ओल पितं, म्हणून वर्षातून दोनदा तरी ती पाव फेरा फिरवावी लागते. शेवटी घोडीवरचे तुकडे मागेपुढे करून बाराव्या पडद्यावरचा सूर जुळवला. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो. साडेपंचवीस इंचांच्या तारेला पावणेतेरा इंचांवर. पण तार दाबली की थोडी ताणली जाते, तो फरक घोडीवर भरून काढावा लागतो.

तीन संध्याकाळी गेल्या. नव्या तारा चढवून पोराने वाजवली आणि पिकअपचं नावच काढलं नाही.

राहिली होती भुणभुण. आपली वीज सेकंदाला 50 वेळा हेलकावते आणि एकेरी गुंडाळी तो हेलकावा पकडते. गिटारच्या पोकळीत तांब्याचा पत्रा लावून अर्थिंगला जोडला, पुष्कळ कमी झाली. पुरती घालवायची युक्ती गिब्सनमधल्या सेथ लव्हर या अभियंत्याने 1955 मध्ये शोधली होती: दोन गुंडाळ्या, चुंबक एकमेकांच्या उलट, जोडणीही उलट. बाहेरची भुणभुण दोन्हीत विरुद्ध येऊन मिटते, तारेचा आवाज मात्र बेरीज होऊन येतो.

दोन वर्षांनी पोरगा नोकरीला लागला तेव्हा त्याने हौसेने चांगले पिकअप घेतले. मी ते बसवले आणि जुने तीन माझ्या खणात ठेवले. त्यानंतरच्या उरुसाआधी चाचांचा नातू तोच बेंजो घेऊन आला. उघडला तर आत 1987 चं माझं सोल्डर होतं, थोडं काळवंडलेलं पण धरून बसलेलं. टेलिफोनची गुंडाळी तुटली होती. मी गिटारचे दोन जुने पिकअप काढले. स्वस्त पिकअपमध्ये चुंबकाची पट्टी खाली नुसती चिकटवलेली असते, म्हणून एकाची पट्टी सोडवून पालथी केली आणि त्याच्याच दोन वायरी उलट्या जोडल्या. कळांच्या पट्टीबाहेर, जिथं नखी पडते तिथं दोन्ही शेजारी शेजारी बसवले.

अँप्लिफायर चालू केला आणि आवाज पुरता वर नेला. नातवाने विचारलं, "चालू झाला का, चाचा?" मी त्याला तार छेडायला सांगितली.